रंभाचा जवळचा नातेवाईक

ऑपरेशनच्या संमतिपत्रावर जवळच्या नातेवाइकाची सही असल्याशिवाय आपण टोचून घेणार नाही, असं रंभा वाघिणीने प्राणिसंग्रहालयाच्या ऑफिसला लेखी कळवलं.

यात तिचा दोष नव्हता. शिट्टी वाजली की जाळीला मागचा पुठ्ठा टेकवायचा, सुई सोसायची, मग मांसाचा तुकडा मिळतो, हे तिच्या पिंजऱ्यावर ड्यूटी असलेल्या यादव उईकेनेच चार वर्षं खपून तिला शिकवलं होतं. जनावर एकदा सहकार्य करायला लागलं की नियमही वाचायला लागतं. तिच्या गर्भाशयात पू झाला होता. बुधवारपर्यंत ऑपरेशन झालं नाही तर ती जगणार नाही, असं डॉक्टर बोरकुटे बाईंनी स्वच्छ सांगितलं.

वनखात्याने शोध घेतला. आई बेपत्ता, भाऊबंद परराज्यात, पत्ता नाही. शेवटी ऑफिसातले हेडक्लार्क बडेबाबू कागद घेऊन पिंजऱ्याशी आले.

"मी करतो सही," उईके म्हणाला.

"नातं काय लिहू?"

"भाऊ लिवा."

बडेबाबूंना त्यात वावगं काही दिसलं नाही. "पण उईके, नातेवाइकाला पेशंटच्या पिंजऱ्यावर ड्यूटी देता येत नाही. सही केली की तुमची बदली मगरींकडे. भेट फक्त रविवारी, चार ते पाच."

उईकेची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. पोरबाळ नव्हतं. दिवसभरात तो बोलायचा तो रंभाशीच. खोलीवर गेला की तोंडाला कुलूप.

"नको करू," रंभा म्हणाली. "मगरी बोलत नाहीत."

"तू चूप राय," म्हणत त्याने सही ठोकली.

बुधवारी नव्या माणसाने शिट्टी वाजवली आणि रंभाने मुकाट पुठ्ठा टेकवला. उईके नियमाप्रमाणे बाहेर नातेवाइकांच्या बाकावर होता. बाक चौघांचा, बसलेला तो एकटा. बायकोच्या ऑपरेशनच्या दिवशी तो ड्यूटीवर होता. दवाखान्यात तिच्या माणसाला हाक मारली, तेव्हा बाकावर कुणीच नव्हतं. ते त्याला कायमचं लागून राहिलं होतं.

दुपारी बोरकुटे बाईंनी दार उघडलं. "रंभासोबत कोण आहे?"

उईके ताडकन उठला. "मी आहो जी."

"शुद्धीवर आलीय. धोका टळला. तुमची आठवण काढतेय."

"भेटू का मंग?"

"रविवारी."

उईकेने मान डोलावली आणि तो पुन्हा बाकावर बसला.