व्हर्नियर क्रमांक सतराची मोहीम

पंप कारखान्याच्या तिसाव्या ताळेबंदाचे साली, सलग तीन वर्षे तोटा जिंकून, गळका पंप बाजारात रोवून आणि तीनशे कामगारांस घरी धाडून अजिंक्य राहिलेले, अखंडित-भत्ता-अलंकृत श्रीमंत मोठे साहेब यांनी नोकरीतून निघोन जाण्याची जी दुर्घट मोहीम फत्ते केली, तिची हकीकत येणेप्रमाणे. जे डोळ्यांनी पाहिले आणि रजिस्टरात वाचिले तेच लिहिले. पदरचे घातले असेल तर आदरार्थी बहुवचन तेवढेच.

संचालक मंडळाची मसलत बैसली आणि ठराव जाहला की साहेबांचे हातून कंपनी बुडते आहे, सबब साहेबांनी जावे. आणि जाताना मन खट्टू होऊ नये म्हणोन चाळीस महिन्यांचा पगार, रोजच्या वापरातील मोटार आणि न जाहलेल्या प्रगतीबद्दल बक्षीस, ऐसा नजराणा द्यावा. साहेबांनी तो मोठ्या मनाने कबूल केला, आणि निरोपाचे भाषणात त्यागाचे महत्त्व सांगितले.

ऐसियास एक गड आडवा आला. कारखान्याचा शिरस्ता ऐसा की जाणाराने नो-ड्यूजचे कागदावर स्टोअरची सही घ्यावी, त्याविना दमडी सुटत नाही. शिरस्ता खुद्द साहेबांचाच. ‘तीच वस्तू परत, मग सही, अपवाद कोणासही नाही’ हे त्यांचे फर्मान, त्यांच्याच सहीनिशी, चौकटीत बसवून स्टोअरच्या खिडकीवर टांगिले होते. खिडकीआड किल्लेदार स्टोअरवाल्या ताई, चष्मा नाकाचे शेंड्यावर. त्यांनी रजिस्टर उघडिले, बोट फिरविले आणि कळविले की साहेबांचे नावे व्हर्नियर कॅलिपर क्रमांक सतरा, मिलिमीटरचा पन्नासावा हिस्सा मोजणारे, बाकी आहे.

त्याची पूर्वपीठिका ऐसी. दोन वर्षांमागे वार्षिक अहवालात साहेबांची छबी छापावयाची ठरली, आणि साहेब लेथवर आले, आणि टर्नरकाकांचे हातातून व्हर्नियर घेऊन, उलटे धरून, गंभीर मुद्रेने हवा मोजू लागले. छबी निघाली, साहेब गेले, आणि त्यांसमागमे व्हर्नियरही गेले. मग सहा महिन्यांमागे त्या तीनशेंत काकांचीही नोकरी गेली, तेव्हा रजिस्टरात सतराचे धनी काकाच. सबब सव्वीस वर्षांच्या चाकरीचा हिशेब अडकला. काकांनी खरे ते सांगितले, तर एचआरचे मॅनेजर म्हणाले, “साहेब कशाला घेतील हो तुमचं व्हर्नियर?” मग ताईंनी अहवाल मिळविला, छबीस भिंग लाविले, कोरलेला सतरा वाचिला आणि साहेबांचेही नाव नोंदीत चढविले. परंतु साहेब कबूल होत ना, आणि काका सुटत ना. काकांनी एक जुने लेथ घेऊन आपले दुकान थाटावयाचे योजिले होते, आणि लेथवाला महिनाअखेरीपावेतोच थांबणार होता. अखेरीस चार दिवस उरले.

मग वेढा पडला. पहिले दिवशी एचआर मॅनेजर कोरे व्हर्नियर मखमली पेटीत घेऊन चालून आले. ताईंनी फर्मानातील ‘तीच’ या अक्षरांवर पेन्सिल ठेविली, आणि मॅनेजर पेटीसह माघारी फिरले. दुसरे दिवशी साहेब स्वतः, लिफ्ट सोडून, एकोणीस पायऱ्या उतरून आले.

“अहो ताई, एवढ्याशा लोखंडापायी?”

“एवढंसंच आहे ना साहेब? मग दोन ओळी लिहून द्या, मी घेतलं म्हणून. तुम्हीही सुटाल, काकाही सुटतील.”

साहेबांचा चेहरा उतरला, कारण कंपनीची वस्तू दाबल्यास ते गैरवर्तन, आणि गैरवर्तन ठरल्यास नजराणा बुडाला, ऐसे कलम करारात होते. नाही म्हणावे तर छबी गावभर छापलेली. तिसरे दिवशी तीन वकील बोलाविले, आणि त्यांनी सव्वापाच तास खल करून तोड काढिली. मंडळाचा हुकूम एचआर मॅनेजरांचे सहीच्या पत्राने सुटला की व्हर्नियर क्रमांक सतरा कंपनीने कधी खरेदीच केले नव्हते, सबब नोंद रद्द, आणि त्यापोटी कोणाकडेही कसलेही येणे नाही.

ताईंनी हुकूम दोनदा वाचिला, फायलीस लाविला आणि साहेबांचे कागदावर सही ठोकिली. मग खण ओढिला, सहा महिने दाबून ठेविलेला काकांचा कागद काढिला, आणि त्यावरही ठोकिली.

मॅनेजर धापा टाकीत आले. “ताई, काकांचं कोण बोललं होतं?”

“तुमचंच पत्र, सर. कोणाकडेही येणं नाही. काका कोणातच येत नाहीत का?”

मॅनेजरांनी पत्र वाचिले. वकील महाग होते. सबब फिरवावयाची हिंमत जाहली नाही.

महिनाअखेरीस काका हिशेब घेऊन लेथवाल्याकडे निघाले, तो नजराण्याची मोटार पुसणारे ड्रायव्हर डॅशबोर्डच्या खणातून निघालेले एक माप घेऊन खिडकीशी आले. वर सतरा कोरिला होता.

“हे जमा करून घ्या, ताई.”

“नाही हो जमत. नसलेल्या वस्तूची पावती कशी फाडू?” ताईंनी ते पदराने पुसले आणि काकांपुढे सरकविले. “घ्या काका. हवा मोजून मोजून बिचारं कंटाळलं असेल.”

येणेप्रमाणे श्रीमंत मोठे साहेब यांनी एका व्हर्नियराचे अस्तित्व मिटवून चाळीस महिने आणि एक मोटार जिंकिली, याची नोंद कारखान्याचे दप्तरी विजय म्हणोन जाहली. मजकूर व्हर्नियर हल्ली काकांचे दुकानी असते. दप्तराप्रमाणे ते नाही. काकांप्रमाणे वीस मायक्रॉनपावेतो बिनचूक आहे. हकीकत येथे मापात बसली, सबब कलम ठेविले.