दोन सीटांची गाडी

"गाडी विकायची म्हणजे विकायचीच," बायकोने चहाचा कप टेबलावर आपटला आणि तिच्या विमा एजंट नवऱ्याने खिशातली किल्ली घट्ट धरली. गाडी सेकंडहँड असली तरी स्पोर्ट्स कार होती. छत उघडणारी, इंजिन सीटच्या लगेच मागे बसवलेली. घरात माणसं तीन आणि सीटा दोन, म्हणून प्रत्येक वेळी एक तर बायको मागे राहायची, नाहीतर त्याची आई. "घरी कुणीतरी हवंच ना," म्हणत हा किल्ली फिरवत निघायचा. बायको ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची, पण "क्लच नाजूक आहे" या सबबीखाली त्याने तिला स्टिअरिंगला हातही लावू दिला नव्हता.

जाहिरात तिनेच दिली. रविवारी सकाळी एक दातांचे डॉक्टर गाडी बघायला हजर. गिऱ्हाईक पळवून लावायचं, असं एजंटाने मनाशी पक्कं केलं. पॉलिसी विकताना जन्मभर अटी गिळलेला हा गृहस्थ आज एकेक अट खणखणीत आवाजात सांगू लागला.

"इंजिन पाठीला चिकटून आहे. पाठ शेकून निघते."

"बरंच की," डॉक्टर म्हणाले. "दिवसभर वाकून माझी पाठ धरलेलीच असते."

"छत हाताने लावावं लागतं. बोटं चिमटतात."

"मला रोज पेशंट चावतात हो."

"सामान म्हणाल तर एक पिशवी मावेल. तीही गरम होईल."

डॉक्टरांनी भारावून त्याचा हात धरला. "विमा एजंट असून इतकं खरं बोलता? मला दुसरी गाडी बघायचीच नाही."

बायकोचा चेहरा खुलला, एजंटाचा पडला. आता शेवटचा उपाय. "बसायला फार खाली आहे. उठताना कंबरेचे हाल होतात. हे बघा," म्हणत तो सीटवर बसला, उठताना कंबरेवर हात ठेवून कळवळला, आणि त्याच क्षणी कंबर खरोखरच धरली. अर्धा आत, अर्धा बाहेर. दोघांनी ओढून काढून त्याला ओट्यावर आडवं केलं.

"नाटकं पुरे," बायको पुटपुटली.

"नाटक नाही गं," तो काकुळतीने म्हणाला. पण त्याच्या खिशातली किल्ली तिने काढलीच होती. "चला डॉक्टर, मी चालवून दाखवते."

इतकी वर्षं बिचारी शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून ब्रेक दाबत आली होती. आज ब्रेकची तिला आठवणच झाली नाही. गाडी परत आली तेव्हा तिचे केस विस्कटले होते आणि गाल लाल झाले होते. डॉक्टर मात्र दाराचा दांडा सोडायला तयार नव्हते.

"पेशंट खुर्ची का घट्ट धरतात, ते आज कळलं," ते कसेबसे म्हणाले. "मला नको ही गाडी." आणि ते चालत घरी गेले.

"नको तर नको," बायको म्हणाली. "आता विकायचीच नाही."

एजंटाला इतका आनंद झाला की कंबर विसरून तो उठू लागला, आणि लगेच परत आडवा झाला. गाडी वाचली होती, बाकी काय हवं? इतक्यात त्याच्या कंबरेला मलम चोळत बसलेल्या आईने हात पुसले आणि डोक्याला रुमाल बांधला.

"सूनबाई, मलाही एक चक्कर."

"चला ना आई." बायकोने स्वतःच्या पर्समध्ये टाकलेली किल्ली पुन्हा बाहेर काढली. "आणि ऐकलंत का, क्लच अजिबात नाजूक नाहीये."

"अगं, आणि मी?"

आई तोवर सीटवर ऐसपैस बसली होती. "तू पडून राहा, बाळा," ती म्हणाली. "घरी कुणीतरी हवंच ना."