साकवावरचे दरवाजे

अजीजनं कॅमेऱ्याच्या काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं आणि कपाळावर हात मारला. "पाटील, हे काय चालवलंय? मला पडकं पाहिजे, पडकं!"

मोशीपल्याडच्या त्या वस्तीला पुरानं धुऊन काढलं होतं. शेतं खरवडून निघाली होती आणि ओढ्यावरच्या पत्र्याच्या छपराच्या साकवाची तर गंमतच झाली होती. पायाखालच्या सगळ्या फळ्या वाहून गेल्या, वरचं छप्पर मात्र जसंच्या तसं! तालुक्याच्या कचेरीनं चाकणच्या अजीजला दोन फोटो काढायला धाडलं होतं. मोडका साकव फोटोत दिसला की नवा पूल मंजूर. नाहीतर वस्तीनं कंबरभर पाण्यातून बाजार करायचा.

पण फोटो म्हटल्यावर हिंदुराव पाटलांना आपली लग्नाची लेक आठवली.

"व्हय, दाखवा पडकं! उद्या खेडचे पावणे फोटो बघतील अन् म्हणतील, असल्या उघड्याबोडक्या गावात कोण सोयरीक करतंय? तो तुमचा महालाचा पडदा सोडा आधी!"

लग्नसराईतला महाल अन् कारंजं रंगवलेला तो पडदा अजीजनं सवयीनं सायकलला बांधून आणला होता, इथंच चुकलं. खरवडलेल्या शेतापुढं महाल उभा राहिला आणि महालापुढं फेटा बांधून पाटील. फोटोची पहिली काचेची प्लेट त्यातच गेली.

साकवापाशी पाटलांनी कळसच केला. "नुसत्या खांबांत शोभा न्हाई," म्हणत घराघरांचे दरवाजे उपसून आणवले, उरलेल्या तुळयांवर अंथरले आणि वर अख्खी वस्ती ओळीनं उभी केली. अजीजनं हात जोडून पाहिले. पण चाळीस माणसं श्वास रोखून उभी राहिल्यावर फोटोवाल्यानं करायचं तरी काय? दुसरीही प्लेट गेली.

फोटो बघून मामलेदार हरखले. "वा! सरकारची वाट न बघता पूल उभारला! यांना मदत कशाला हवी? मी स्वतः येतो. पुलावर माझाही एक फोटो काढा."

"साहेब, ते तसं नाहीये..."

"म्हणजे? फोटो खोटं बोलतो?"

 अजीजच्याच दुकानावर हातभर अक्षरांत पाटी होती : 'फोटो कधी खोटं बोलत नाही.'

साहेब येत असल्याचा निरोप पोचताच वस्तीत पळापळ झाली. "सरकारला फसवलं म्हणून बेड्या पडतील राव! काढा पुन्हा घरांचे दरवाजे, अंथरा साकवावर!" पाटील ओरडले. वस्तीतल्या रुक्मिणीबाई मात्र आपल्या उंबऱ्यात ठाण मांडून बसल्या.

"न्हाई म्हंजे न्हाई! मागल्या टायमाला दार नेलं अन् कुत्र्यानं भाकऱ्यांची चवड पळवली. आमी काय उपाशी मरायचं?"

नेमकं त्यांचंच दार साकवाच्या मधोमधचं होतं. शेवटी त्या भगदाडावर चावडीची सतरंजी ताणून बांधली आणि साहेबांना काठाशीच उभं करायचं ठरलं.

साहेब आले आणि तडक मध्याकडं निघाले.

"साहेब, तिथं ऊन लागंल!" पाटील मागं धावले.

"वर छप्पर आहे ना!"

अजीज काळ्या कापडाखाली होता. कॅमेऱ्याच्या काचेवर सगळं उलटं दिसतं, त्यामुळे साहेब एकाएकी सरळ वर निघून गेलेले त्याला दिसले. घाबरून त्यानं डोकं बाहेर काढलं. साहेब कंबरभर पाण्यात उभे, सतरंजी खांद्यावर शालीसारखी.

"साहेब, हलू नका!" अजीजच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

आणि काय सांगावं, रागानं लालबुंद झालेल्या साहेबांनी टोपी सरळ केली, छाती पुढं काढली आणि श्वास रोखला! अजीजनं भिंग झाकून प्लेट सरकवली, झाकण काढलं, मनात तीन मोजले, झाकण लावलं.

"ती प्लेट फोडा!" साहेब काठावर येऊन गरजले.

"फोडतो की साहेब. नवा पूल झाला की लगेच. तोवर... माझ्या दुकानावरची पाटी ठाऊकच आहे तुम्हाला."

आठ दिवसांत पूल मंजूर झाला. तो बांधून झाला त्या दिवशी अजीजनं साहेबांसमोर दगडावर आपटून प्लेट फोडली. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला आणि ते निघून गेले.

मग पाटलांनी फेट्यातून हळूच त्याच प्लेटवरून आधीच छापून ठेवलेला फोटो बाहेर काढला. बराच वेळ निरखून ते हळहळले.

"ब्येस हाय, अजीजभाई. पर मागं ते कारंजं सोडायला पायजे व्हतं. साहेब कसं थाटात आंघोळीला आल्यावानी दिसले असते!"