गणपती इंग्लिश मीडियमले गया

सुरतमधल्या नवागामच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सर्वांत जास्त सेवा एका लॅपटॉपची होते. तो वरच्या मजल्यावरच्या आधारनानांचा. त्यांचं नाव आधार, कार्ड निघण्याच्या कितीतरी आधीपासूनचं. हा विनोद ते स्वतःच करतात आणि आपण हसेपर्यंत थांबतात.

लॅपटॉप पालथ्या ताटावर बसतो. बिजागरी तुटल्यामुळे पाठीला पाच लिटरचा तेलाचा डबा, समोर टेबलफॅन. मे महिन्यात त्याच्या पोटातून कटकट आवाज यायला लागला, तेव्हा नानांनी निदान केलं, "तेले थंडी वाजी ऱ्हायनी." पंखा बंद केला आणि वर शाल घातली. सुरतच्या उन्हाळ्यात शाल पांघरलेला तो जगातला एकमेव प्राणी असावा. तापून बेशुद्ध पडला, तेव्हा नाना धावत खाली माझ्याकडे आले. मी बँकेतला माणूस. बिल्डिंगच्या समजुतीप्रमाणे बँकेत कॉम्प्युटर असतो, म्हणजे मी त्याचा डॉक्टर.

"बॅकअप घेऊ, नाना. म्हणजे हा गेला तरी फाईली राहतील."

"गया तरी? भाऊ, शुभ बोला!"

फाईली म्हणजे लग्नपत्रिका. नाना बमरोलीच्या एका मिलच्या ऑफिसातून रिटायर झाले आणि समाजाच्या पत्रिका टाइप करू लागले. पत्रिका काय, कोणीही छापतं. पण खानदेशी पत्रिकेत कोणाचं नाव कोणाच्या वर, हा प्रश्न नवरा-नवरीपेक्षा मोठा असतो. मोठ्या मुलीच्या वेळी फुवा, म्हणजे आत्याचा नवरा, मामाच्या वर होता, तर धाकटीच्या वेळी खाली कसा? मग भांडत सगळे नानांकडे येतात. नाना जुनी पत्रिका उघडून दाखवतात आणि निकाल देतात. त्यावर अपील नाही. "हाई मरनं, तर बठ्ठा समाज रुसी जाई," असं ते लॅपटॉपकडे बघून म्हणत, तेव्हा डोळ्यांत पाणी यायचं बाकी असायचं.

मी पेन ड्राइव्हवर कॉपी करायला बसलो. फाईलींची नावं रोमन लिपीत, भाषा अहिराणी. एकाच लग्नाच्या चार: 'मामा रुसना', 'मामा मानी गया', 'फुवा रुसना', 'बठ्ठा मानी गयात'. बँकेत आम्ही तारीख टाकतो. नाना रुसवा टाकतात.

यंत्र थोड्या फाईली द्यायचं आणि झोपायचं. ते झोपलं की चहा. तीन रविवारांत फाईली पूर्ण आल्या आणि माझी ॲसिडिटी परत आली.

नानांचा मुलगा वापीला असतो. स्वतः येण्याऐवजी त्याने नवा लॅपटॉप पाठवला होता. त्यावर मी पहिली पत्रिका उघडली. श्रीगणेशाच्या जागी कंस, टिंबं, डॉलरचं चिन्ह आणि एबीसीडीचा चिवडा.

नाना चष्मा पुसून पुन्हा बघू लागले. "भाऊ... गणपती इंग्लिश मीडियमले गया का?"

चूक माझी नव्हती, हे नोंदवून ठेवतो. नाना त्या जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप करायचे, ज्यात इंग्रजी बटण दाबलं की मराठी अक्षर उमटतं. फाँट नसेल तर उरतं फक्त बटण. फाईली आल्या होत्या, फाँट जुन्यातच राहिला होता. पुन्हा शाल काढली, पंखा लावला, शेवटच्या घटका मोजणाऱ्या त्या यंत्रातून फाँट पेन ड्राइव्हवर घेतला आणि नव्यात टाकला. गणपती मराठीत परतला. नानांनी मला पेढा दिला, नव्या लॅपटॉपलाही दाखवला.

काम अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही. म्हणालो, "नाना, आता सगळ्या पत्रिकांची पीडीएफ करतो आणि समाजाच्या ग्रुपवर टाकतो. ज्याने त्याने आपल्या मोबाइलवर बघावं. तुमच्या डोक्याचा ताप कायमचा मिटला."

मला वाटलं, दुसरा पेढा येईल.

नाना बराच वेळ तेलाचा डबा सरळ करत राहिले. डबा सरळच होता.

"मंग मना घर कोन कसाले येई, भाऊ?"

मी खोलीभर पाहिलं. एक खाट, एक माणूस आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या सहा घडीच्या खुर्च्या. मी पेन ड्राइव्ह काढला आणि त्यावरचं सगळं त्यांच्यासमोरच पुसलं.

गेल्या आठवड्यात भेस्तानहून एकाचा फोन आला. बहिणीच्या लग्नाची जुनी पत्रिका मोबाइलवर पाठवता का? म्हणालो, "ती फक्त नानांच्याच मशीनवर उघडते." हे वाक्य शब्दशः खरं आहे, मी तपासून घेतलं आहे.

रविवारी वर मोठमोठ्याने भांडण सुरू झालं. थोड्या वेळाने आमची बेल वाजली. दारात नाना, घामाघूम, चेहरा लग्नघरासारखा.

"वहिनी, चार कप द्या ना. मना घरमा मावत नहीत इतला पाहुणा उनात. मामा तर चहासुद्धा लेत नही, इतला रुसना!"

बायकोने चार कप काढले. मी आत जाऊन आणखी चार आणले.