शिवेवर थांबलेलं पाणी

दीडशे किलोमीटरवरून पायपातून आणलेलं पाणी तळेगिरीच्या शिवेवर बाहेर आलं, ताठ उभं राहिलं आणि गावात यायला नाही म्हणालं.

चूक गावाचीच. नवी सून शिवेवर आली की तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, मगच तिला आत घ्यायचं. इथं फीत कापली, नारळ फुटला, भाषणं झाली. भाकरतुकडा कुणाच्या डोक्यातच आला नाही. आला तेव्हा, ओवाळायचा कुणी यावरून जुंपली. जो ओवाळेल त्याच्या घरचं पाणी.

"शिवेच्या आत नगरपालिकेचं," नगराध्यक्ष मंदाताई ढोले म्हणाल्या.

"आत आलंय कुठं? पायपाच्या तोंडाशी उभं आहे, म्हणजे पायपातच धरायचं. प्राधिकरणाचं," अभियंता शेडबाळे म्हणाले. "परिपत्रक आहे."

"मग परिपत्रकानंच तोंड धुवा!"

नऊ दिवस झाले. दोन पुरुष उंचीचं पाणी मंद हलत होतं आणि त्याच्या सावलीत गाव कोरडे हंडे घेऊन बसलं होतं.

दहाव्या दिवशी तानुबाई कामटे भाकरी घेऊन आली. तिचं माहेर कुसवडे. ज्या धरणातून हे पाणी आलं त्याच्याच तळाशी. चाळीस वर्षांपूर्वी धरण भरलं तेव्हा सगळं कुसवडे उठलं. एक तानुबाईची आई तेवढी उठली नव्हती.

"व्हा बाजूला," तानुबाई म्हणाली. "सून घरची असते. या दिराची की त्या दिराची, असं विचारतं का कुणी?"

तिनं भाकरी मोडली, पाण्यावरून ओवाळली आणि दोन्हीकडे तुकडे टाकले.

पाणी तिच्याकडे वळलं. "कुसवड्याची तानू ना तू? तुझी आई वाट बघते."

तानुबाई जवळ गेली. आत खोल उंबरा दिसला. चुलीपाशी हिरवा उजेड होता आणि कुणीतरी पाठमोरं बसून तांदूळ निवडत होतं.

"चल," पाणी म्हणालं. "मलाही इथं करमत नाही. जाऊ आणि परत यायलाच नको."

तानुबाईनं मागं पाहिलं. पाणी गेलं तर तळेगिरीही कुसवड्यासारखीच उठणार. पुढं पाहिलं, तर तांदूळ निवडणारा हात थांबला होता.

"तीन दिवस," ती म्हणाली. "माहेरपण तीन दिवसांचं. शुक्रवारी दोघंही परत. कबूल?"

पाण्यानं मान हलवली.

"पाण्याच्या माहेरपणाची तरतूद नाही," शेडबाळे म्हणाले.

"तुमच्या बायकोच्या माहेरपणाची आहे? जातेच ना ती?" तानुबाई म्हणाली.

मंदाताईंनी तिचा हात धरला. "तानाक्का, नाहीच आलीस तर?"

"म्हटलं ना, येईन."

तिनं पदर खोचला आणि पाण्यात शिरली. पाणी पायपातून उलटं चढत गेलं.

तीन दिवस गावानं ओठ चाटत काढले. शुक्रवारी उन्हं कलताना पायपात घरघर झाली. आधी तानुबाई बाहेर आली, तिच्या मागून पाणी आलं. ते कुणालाही न विचारता गावात गेलं आणि घराघरातले नळ वाहू लागले.

माहेराहून आलेल्या बाईला विचारतात तसं मंदाताईंनी विचारलं, "सगळे बरे आहेत ना तिकडं?"

"बरे आहेत," तानुबाई पदर पिळत म्हणाली. "आई जरा थकलीय. पुढच्या खेपेला आठ दिवस राहीन, आत्ताच सांगून ठेवते."

शेडबाळे साहेबांनी तारीख विचारली.