आप्पांचा उजवा पाय

आमच्या शेजारचे आप्पा कुठंही बसले की उजव्या पायानं ब्रेक दाबतात. गाडीत दाबले असते तर कोण काय बोललं असतं? पण हे न्हाव्याच्या खुर्चीत दाबतात, दवाखान्याच्या बाकड्यावर दाबतात, टीव्हीवर क्रिकेट लागलं आणि बॉलर पळत सुटला की सोफ्यावर बसून दाबतात. पंगतीला मांडी घालून बसले तरी वाढपी वरणाची बादली घेऊन धावत आला की मांडीतला उजवा पाय सुटलाच. माझ्या नणंदेच्या लग्नात त्या पायानं शेजारच्या पाहुण्याचा द्रोण लवंडला, आणि तो पाहुणा निघाला नवरदेवाचा मामा. आता बोला!

आप्पा तहसील कचेरीतून पेशकार म्हणून रिटायर झालेले. मी लग्न होऊन लातूरला आले तेव्हापासून आमची भिंतीला भिंत. मी क्लासच्या पोरांची मेस चालवते. आमचे हे तिकडं किनवटच्या पलीकडं इस्लापूरला मास्तर, सुट्टीपुरते येतात. घरात मी, माझी मंजू आणि पोळ्यांची चळत. त्यामुळं फ्यूज उडाला, नळ तुटला, साप निघाला, काहीही झालं की मी भिंतीवरून हाक मारते, “आप्पाऽऽ!” तिकडून उत्तर येतं, “थांब!” आणि मग बऱ्याच वेळानं आप्पा येतात. चपला घालायच्या आधी त्या उलट्या करून विंचू बघतात, दार लावलं का बघायला परत जातात, लावलेलं दार ओढून बघतात. तोवर साप आपल्या घरी जातो.

“चालायचं काय गं,” असं त्यांचं ठरलेलं बोलणं, “उतारावर सोडला तर दगडबी चालतोय. थांबता आलं पायजे.”

हे त्यांनी लातुरात राहून म्हणावं! आमच्या गावाला तेव्हा नुसता वेग आलेला. ज्याच्या घरात जास्तीची खोली होती त्यानं ती पोरांना दिली, ज्याच्या घरात नव्हती त्यानं गच्चीवर पत्रे टाकले. विजेच्या एकेका खांबावर चार-चार क्लासच्या पाट्या. एका क्लासनं गुणवंत पोरांचा सत्कार ठेवला आणि आप्पांना ज्येष्ठ नागरिक म्हणून पुढच्या रांगेत बसवलं. क्लासचे सर बोलायला उठले ते थांबेचनात. आप्पांचा पाय सुरू झाला. टाच आपटल्याचा आवाज पार स्टेजवर जाऊ लागला. सरांना वाटलं लोक दाद देऊ लागले, ते आणखीच रंगात आले. मी मागच्या रांगेत तोंडात पदर कोंबून बसले होते.

आप्पांच्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी मोटार आहे. काळी, पोट सुटलेली, गोल दिव्यांची. तिला गाडी म्हणायचं नाही. ती अक्का. अक्का बिलोलीची, म्हणजे आप्पांच्या सासुरवाडीची. गंगाकाकूंच्या वडिलांनी ती काकू जन्मायच्या आधी घेतली होती. “म्हणजे बायकोची थोरली बहीण झाली का न्हाई? मान ठेवावा लागतोय,” असं आप्पा म्हणायचे, आणि काकू आतून म्हणायच्या, “ठेवा, ठेवा. धाकटीचा तर कधी ठेवला न्हाई.”

भूकंपाच्या साली ही अक्का आमच्या गल्लीत फार गाजली. तिकडं किल्लारीकडं काय झालं ते मी सांगायला नको. इकडं लातुरात आमची घरं उभी होती, पण माणसांची छाती पडली होती. कुणी घरात झोपेना. सगळी गल्ली अंथरुणं घेऊन मैदानात. आप्पांनी अक्का मैदानात आणली आणि काकूंना मागच्या शिटावर झोपवलं. स्वतः पुढं बसले, ते ब्रेक दाबूनच. जमीन हालली आणि गाडी गडगडली तर? हँडब्रेकवर त्यांचा भरवसा नव्हता. लोक हसून हसून बेजार. खाली धरणी हालून राहिली आणि हा बाबा ब्रेक दाबून बसला! माझ्या सासऱ्यांनी तर विचारलं, “काय आप्पा, पृथ्वी थांबली का?”

काकूंनी मला नंतर सांगितलं होतं. जरा कुठं हादरा बसला की त्या दचकून उठायच्या, आणि पुढून आप्पा म्हणायचे, “झोप तू. मी धरलंय.” काकू म्हणाल्या, “येडा माणूस गं. पण मैदानात सगळ्यांत चांगली झोप माझीच झाली.”

काकू गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. त्यानंतर आप्पांनी अक्काला शेडबाहेर काढायचं जवळजवळ सोडलं. दसऱ्याला पूजा, एक फेरा, परत शेड. पण शनिवारी दुपारी भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा, “दाब! ... धर!” काकू असतानाही यायचा, तेव्हा मागून काकूंचंही काहीतरी ऐकू यायचं. आता मी म्हणायची, मिस्त्रीला बोलावलं असेल.

आता मंजूचं सांगते. मंजूची डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा होती, आणि तिला सेंटर आलं नांदेडचं. लातूरच्या पोरीला नांदेड, नांदेडच्या पोरीला लातूर, असा सगळा कारभार. आणि त्याच आठवड्यात बसचा संप. जीपगाड्या आईबापांनी कधीच धरून ठेवलेल्या. रेल्वेनं जायचं तर लातूर रोडवरून परळी, परळीवरून परभणी, म्हणजे द्राविडी प्राणायाम. आमच्या ह्यांना फोन लावला तर म्हणाले, “देवावर हवाला ठेव.” मी म्हटलं, देव गाडी चालवतो का? आणि फोन ठेवला. पोरीनं दोन वर्षं पुस्तकातून मान वर केली नव्हती, आठवडाभर धड जेवत नव्हती. एका गाडीपायी सगळं पाण्यात जायचं! पोळ्या लाटता लाटता माझे डोळे गळू लागले.

आप्पा भिंतीवरून बघत होते. म्हणाले, “थांब.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मला शेडमध्ये बोलावलं. चाकाच्या मागून एक बोटाएवढी रबरी नळी वाकवून दाखवली. तिला बारीक बारीक भेगा. “हा ब्रेकचा होज. पेडल दाबलं की ह्यातनं तेल चाकाकडं जातंय. रबर म्हातारं झालं की दाबल्यावर फुगतंय. जोर फुगण्यातच जातो, चाकापत्तुर पोचत न्हाई. मी एकटा असतो तर गेलो असतो. दुसऱ्याची लेक रबरावर बसवणार न्हाई.”

“मग?”

“वेणीचे होज मागवलेत हैद्राबादहून. वरनं स्टीलच्या तारेची वेणी घातलेली असते. फुगत न्हाईत.”

“कधी येणार?”

“येतील की.”

झालं! आधीच परीक्षेची काळजी, त्यात ही वेणी. मंगळवारी पार्सल नाही, बुधवारी नाही. गुरुवारी मी तुळजाभवानीला नारळ बोलले. नवससुद्धा काय बोलायचा, ‘आई, होज येऊ दे’? देवीला तरी कळेल का? पार्सल आलं ते शनिवारी, परीक्षेच्या आदल्या दिवशी. आणि आप्पांचा नेहमीचा मिस्त्री मेहुणीच्या लग्नाला बिलोलीला गेलेला.

“अहो आप्पा, आदल्या दिवशी कुणी ब्रेक खोलतं का?” मी म्हटलं.

“म्या खोलतो,” म्हणून आप्पा गाडीखाली गेले.

नव्या नळ्या दिसायला मात्र देखण्या. चकचकीत, खरंच पाचपेडी वेणीसारख्या विणलेल्या. दुपारपर्यंत आप्पांनी जुन्या काढून नव्या बसवल्या. माझं एक लक्ष तव्यावर, एक मंजूवर. ती खोलीत येरझाऱ्या घालत सूत्रं पुटपुटत होती आणि पाणीसुद्धा विचारल्याशिवाय पीत नव्हती. इतक्यात शेडमधून आवाज आला, “दाब!” मग “धर!” मग खाडकन काहीतरी पडलं. “अरे देवा!” पुन्हा “दाब!” पुन्हा खाडकन.

मिस्त्री तर बिलोलीला. मग हे दाब कुणाला म्हणतायत?

मी पिठाच्या हातानं गेले. गाडीखालून आप्पांचे दोन पाय बाहेर. पुढच्या शिटावर कुणी नाही. शीट आणि पेडलच्या मध्ये एक काठी अडकवलेली. आप्पा खालून म्हणाले, “धर!” आणि थोडं थांबून आपणच, अगदी हळू, “धरलंय.”

मी तिथंच थबकले. कारण ते ‘धरलंय’ मी वर्षानुवर्षं भिंतीपलीकडून ऐकलं होतं, काकूंच्या आवाजात.

नळ्या बदलल्या की आत हवा शिरते, आणि ती काढायचं काम दोन माणसांचं. एकानं शिटावर बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकाशी आडवं पडून निपल, म्हणजे तेलाची बारीक तोटी, ढिली करायची, बुडबुडे बाटलीत गेले की आवळायची. मग वरच्यानं पाय सोडायचा. मध्येच सोडला की हवा परत आत. काठीला हे कुठलं कळतंय? निपल ढिली झाली की पेडल खाली जायचं आणि काठी निसटून पडायची.

“आप्पा, मी बसते.”

“न्हाई.”

“काठीनं होईना ना?”

“दाबायला त्या शिटावर दुसरं कुणी बसत न्हाई, सुनंदा.” इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. “मिस्त्रीलाबी बसू देत न्हाई मी. होईल. थांब.”

मग माझंही डोकं फिरलं. “किती थांबू? उद्या पहाटे माझी लेक ह्या गाडीत बसणार हाय! काकू असत्या तर त्यांनी तुम्हाला असं पडून राहू दिलं असतं का?”

बोलले आणि जीभ चावली. माझ्या हातावरचं पीठ वाळून पोपडे धरू लागलं.

शेवटी आवाज आला, “चप्पल काढून बस.”

मी बसले. “दाब!” दाबलं. पाय भसकन खाली गेला. “धर!” धरलं. पण पुढं काहीच होईना. पाना फिरेना.

“दाबलंय की आप्पा!”

मग माझ्या ध्यानात आलं.

“धरलंय,” मी म्हटलं.

तरी पाना फिरला नाही. मला वरून फक्त त्यांची पावलं दिसत होती. बोटं आखडलेली.

“आप्पा? ऐकलं का? धरलंय!”

“ऐकलं,” खालून आवाज आला. तो आवाज भिजला होता. “जरा तसंच धरून ठेव.”

मी धरून ठेवलं. पोटरीला गोळा आला तरी ठेवलं. मला रडू येत होतं आणि नाक पुसायला हात पिठाचे. मग कधीतरी पाना फिरला, बाटलीत बुडबुडे आले, आणि आप्पा नेहमीच्या आवाजात ओरडले, “सोड!”

पुढं मी एकदा घोटाळा केलाच. कुकरची शिट्टी झाली आणि सवयीनं उठले. सगळी हवा परत आत. “कुकरवर भरवसा ठेवावा, बाईवर न्हाई!” असं आप्पा जे सुरू झाले ते चारी चाकं होईस्तोवर. पण शेवटी पेडल असं टणक झालं की माझा पाय वरच राहिला. आप्पांनी गंजगोलाईच्या गोल बाजाराला फेरा मारला, दर वळणावर थांबवून बघितलं, मागचे लोक शिव्या देत होते. परत आले ते खुशीत. “थांबती! जागच्या जागी थांबती!”

पहाटे निघालो. मंजू मागं, मी पुढं, मांडीवर दशम्यांचा डबा. आप्पांचा वेग बघून सायकलवाले ओळख दाखवून पुढं जात होते. मला वाटलं, पोचेपर्यंत पेपर सुटेल. लोह्याच्या अलीकडं एक ट्रॅक्टर शेतातून थेट रस्त्यावर आला, बघणं नाही, हॉर्न नाही. मी डोळे मिटले. अक्का थांबली. डबा माझ्या मांडीवरून हालला नाही.

मंजूनं मागून विचारलं, “आप्पा, मला पेपरात काही आठवलंच नाही तर?”

“मग काय करायचं न्हाई. हात खाली ठेवायचे. थांबायचं. थांबलं की दिसतंय सगळं.”

सेंटरच्या शाळेत वेळेच्या कितीतरी आधी पोचलो. मंजू आम्हा दोघांच्या पाया पडली, अक्काच्या बोनेटलाही हात लावला आणि आत गेली. फाटक बंद झालं. आता आमच्या हातात काहीच उरलं नाही. लिंबाच्या सावलीत गाडी लावून आम्ही बसलो. मी आई भवानीचं नाव घेत होते. आप्पांना काहीतरी विचारायला वळले तर ते झोपलेले. मान मागं टाकून, तोंड उघडं. मी सवयीनं खाली बघितलं. उजवा पाय मोकळा पडला होता, नुसता, पेडलपासून लांब.

आणि माझा पाय? माझ्याकडं पेडल नव्हतंच, तरी माझा उजवा पाय पुढच्या पत्र्यावर गच्च दाबलेला होता. कधीपासून, कुणास ठाऊक. आत माझी लेक पेपर सोडवत होती.

शाळेची घंटा झाली तसे आप्पा दचकले. “काय झालं? कोण?”

“काही न्हाई आप्पा,” मी म्हटलं. “झोपा तुम्ही. मी धरलंय.”