दोन खोल्यांच्या तंबूतली किंकाळी

मामाच्या स्वतःबद्दलच्या मताला दुसऱ्या कुणाचा दुजोरा लागत नसे. आपल्यासारखा गुप्तहेर शतकातून एकदाच जन्माला येतो आणि या शतकाने आपला कोटा लवकर उरकून टाकला, असं तो मनापासून मानायचा. पोटासाठी तो चष्म्याच्या दुकानात काम करायचा, पण तेही म्हणे सोंगच. लोकांच्या डोळ्यांत इतक्या राजरोसपणे डोळे घालायची सोय दुसऱ्या कुठल्या धंद्यात आहे? आजवर हाती घेतलेलं एकही प्रकरण सुटलं नव्हतं हे खरं. त्याचं खापर तो गुन्हेगारांच्या बेशिस्तीवर फोडायचा.

त्या दुपारी ताईने, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीने, त्याला तंबूच्या दुकानात बोलावलं होतं ते निव्वळ सामान उचलायला. पण दारात पाऊल टाकतो न टाकतो तोच आतून किंकाळी आली आणि मामाची छाती दोन इंच फुगली.

"कुणीही कशालाही हात लावू नका!" तो ओरडला.

दुकानामागच्या मोठ्या खोलीत तंबू उभे करून ठेवले होते. ज्यांना लहान मुलं आहेत त्यांना दुकानाच्या बाई आधी सहकुटुंब आत झोपून बघायला लावायच्या, मगच विकायच्या. ताईच्या घरचे मघापासून झोपून बघत होते. भाऊजी पडले होते दोन खोल्यांच्या हिरव्या तंबूच्या प्रेमात. एका खोलीत आईवडील, दुसरीत मुलं, मुलांना घडीच्या छोट्या खाटा, झोपायच्या पिशव्या आणि मध्ये पडदा. सगळं कसं झकास. फक्त धाकटा, वय वर्षं तीन, खाटेवर आडवा झाला, पडदा ओढला गेला, की किंकाळी फोडून बाहेर धावत यायचा. का, ते काही सांगायचा नाही. 'नको' या एका शब्दावर त्याचा सगळा कारभार चालला होता.

"अरे, उद्या सकाळी निघायचंय," ताई म्हणाली. तिचा आवाज रडकुंडीला आला होता. "हा रात्रभर असाच ओरडणार असेल तर कशाला जायचं? गेल्या सुट्टीत कपाटं आवरली, या सुट्टीत माळा आवरू."

मामाला खरोखरच वाईट वाटलं. धाकटा झाल्यापासून ताईने घराबाहेर एक रात्र काढली नव्हती.

"ताई, तू निर्धास्त राहा. मी आलोय ना."

"म्हणूनच म्हटलं, माळा आवरू," भाऊजी पुटपुटले.

मामा गुडघ्यांवर बसला आणि तंबूच्या कडेकडेने हुंगत निघाला. एका कोपऱ्यात त्याचं नाक थबकलं. "सापडलं! जळक्या रबराचा उग्र वास. कापडात काहीतरी मिसळलंय. कोवळ्या नाकाला ते बरोबर कळतं."

"ते तुमचे बूट आहेत," बाई म्हणाल्या. "आत यायच्या आधी तुम्हीच तिथे काढून ठेवलेत."

मामा डगमगला नाही. पहिला संशयित निर्दोष सुटणं ही त्याच्या पद्धतीतली पहिली पायरीच होती. त्याने तंबूकडे डोळे बारीक करून पाहिलं. "रंग! हिरव्या रंगाची दहशत बसलीय पोराला."

"त्याचा शर्ट हिरवाच आहे," ताईची थोरली मुलगी म्हणाली. ती पहिलीत होती आणि कोपऱ्यात बिस्किटं खात बसली होती. "काल धुवायला काढला तर आईला चावला."

"लहान मुलांनी तपासात लुडबूड करू नये," मामा म्हणाला आणि खाटांकडे वळला. खाट उंच, पोर घाबरट, प्रकरण मिटलं! भाऊजींनी खाटा उचलून चटया अंथरल्या. धाकटा चटईवर पडला. शांतता. मामाने विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं आणि स्वतःच्या हाताने पडदा ओढला. किंकाळी!

"आता एकच गुन्हेगार उरतो," मामा म्हणाला. "ती झोपायची पिशवी. आत शिरल्यावर माणसाला काय वाटतं ते स्वतः अनुभवल्याशिवाय सिद्ध होणार नाही."

"मेव्हणेबुवा, ती मुलांच्या मापाची आहे," भाऊजी म्हणाले.

पण मामा आत शिरला होता. त्याने हात आत घेतले आणि मोठ्या मुश्किलीने चेन वर ओढली. ती छातीपर्यंत आली, तिथे तिने त्याचा शर्ट धरला आणि पुढे किंवा मागे जायला साफ नकार दिला. भाऊजींनी खेचून पाहिली. बाईंनी साबण लावून पाहिला. मग सगळ्यांनी नाद सोडला आणि मामाला भिंतीकडेला लोटून ठेवलं.

"त्याला आईचा कान लागतो," थोरली बिस्किट संपवून म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"झोपताना. घरी तो कान धरून झोपतो ना! पडद्यातून कान कसा येणार?"

ताईचा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला. घरी दोन पलंग जोडून चौघं एका ओळीत झोपायची आणि तो कान रोज रात्री धाकट्याच्या मुठीत असायचा. इतका रोजचा की तिच्या हिशेबातच तो उरला नव्हता.

"अगं, मग आधी का नाही बोललीस?"

"कुणी विचारलंच नाही. मामा नुसता वास घेत होता."

बाईंनी त्यांना पलीकडच्या एका खोलीच्या साध्या तंबूत नेलं. आत ना खाटा, ना पडदा. चौघं ओळीत आडवी झाली. धाकट्याने चाचपून कान शोधला, एक सुस्कारा सोडला आणि झोपून गेला. भाऊजींनी हिरव्या तंबूकडे एकदा डोळे भरून पाहिलं. ताई मात्र छताकडे बघत हसत होती.

"हेच!" भिंतीकडून आवाज आला. "एकेक शक्यता बाद करत मी इथेच आणत होतो तुम्हाला."

चटया आणि कंदील निवडायला ताईला उठणं भाग होतं. तिने हळूच कान सोडवला, तशी झोपेतच धाकट्याची भुवई आक्रसली, ओठ थरथरला. ताईने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी मामाकडे पाहिलं. दोघांनी मिळून ती पिशवी ओढत तंबूत नेली आणि मामाचा कान त्या मुठीत दिला. मूठ घट्ट मिटली.

"ताई, हे... पकड फार जोरात आहे गं!"

"शू! हलू नकोस," ताई म्हणाली. मग तिला काहीतरी सुचलं. "अरे, तूही चल ना उद्या आमच्याबरोबर."

मामाचे डोळे पाणावले, काही अंशी कानामुळे. "शेवटी माझ्या बुद्धीची कदर झाली तर."

"झाली ना. आणि मला रात्री बाहेर बसून चांदणं बघायचंय. एखादा जादा कान असलेला बरा."

'झाली ना'च्या पुढचं मामाने काही ऐकलं नाही, कारण तो मनातल्या मनात सामान भरत होता. संध्याकाळी, चेन कापून त्याला पिशवीतून बाहेर काढल्यावर, तो चष्म्याच्या दुकानाच्या मालकाकडे सुट्टी मागायला गेला. एक अवघड मोहीम आहे, आपल्याशिवाय ती माणसं निघायलाच तयार नाहीत, असं त्याने सांगितलं.

"कान का लाल झालाय?" मालकाने विचारलं.

"कामावरची दुखापत," मामा गंभीरपणे म्हणाला.